काउंटीच्या जमिनीवर निवांत फिरण्याची जागा कशी उभी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील आपल्या काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारने, खुल्या जागांसाठीच्या करातून गेल्या काही वर्षांत तीन मोठे तुकडे विकत घेतले: सुमारे दीडशे एकरांचे एक जुने शेत, तीनशे एकरांची झाडीने भरलेली एक टेकडी आणि ओढ्याच्या काठची एक पाणथळ पट्टी. काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांना आता या तिन्हींतून ‘पॅसिव्ह रिक्रिएशन’ची उद्यानव्यवस्था उभी करायची आहे आणि आपली सल्लागार समितीवर नुकतीच नेमणूक झाली आहे. सुरुवात कुठून करावी, किती जमीन लोकांसाठी उघडावी आणि आपल्याच मराठी मित्रमंडळींनी केलेल्या क्रिकेट मैदानाच्या मागणीला काय उत्तर द्यावे, असे आपण विचारले आहे. याच राज्यात काउंटी उद्यानांच्या आखणीत माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, तेव्हा जे स्वतः केले आणि जे चुकून शिकलो त्यावरून लिहितो.

आधी शब्दाचा निकाल लावू. ‘पॅसिव्ह’चे भाषांतर ‘निष्क्रिय’ असे केले की बाकावर डुलकी घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि सभेत अर्धा तास वाया जातो. पाच मैलांची चढण चढणाऱ्याच्या पायांना त्यात निष्क्रिय असे काहीच वाटत नाही. हा शब्द माणसाच्या शरीराविषयी नसून जमिनीविषयी आहे: ज्या विरंगुळ्यासाठी जमीन सपाट करावी लागत नाही, आखलेले मैदान, दिवे, गॅलऱ्या किंवा रोजची गवतकापणी लागत नाही, तो पॅसिव्ह. चालणे, पक्षी पाहणे, गळ टाकून मासे धरणे, हिवाळ्यात बर्फावर स्की लावून फिरणे, चित्रे काढत बसणे हे निर्विवाद त्यात येते. माउंटन बाइक, घोडे, विजेवर चालणाऱ्या सायकली, ड्रोन आणि मोकाट सोडलेले कुत्रे यांविषयी मात्र वाद होतोच, म्हणून आराखड्याच्या पहिल्याच प्रकरणात प्रत्येकाचे नाव घेऊन हो किंवा नाही असे लिहून ठेवावे. मोघम व्याख्या ठेवणाऱ्या समितीला तोच वाद पुढे प्रत्येक बैठकीत नव्याने घालावा लागतो.

क्रिकेटचे उत्तरही यातच आहे. खेळपट्टी, सपाट आणि नियमित कापलेले मैदान आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या दोन-तीन संघांच्या गाड्या ही सगळी ‘अॅक्टिव्ह रिक्रिएशन’ची लक्षणे आहेत आणि या तीन तुकड्यांवर त्यांना जागा नाही. तरीही ती मागणी वाऱ्यावर सोडू नका. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारले तर मैदानांची चणचण किती खरी आहे ते तो सांगेल. काउंटीकडे आधीच सपाट केलेली, बेसबॉलसाठी वापरली जाणारी किंवा ओस पडलेली जी मैदाने आहेत त्यांचा वेगळा आढावा घेण्याचा ठराव समितीनेच मांडावा. नाही म्हणायचे तर सोबत पत्ता द्यावा, म्हणजे नकार पचतो.

आता ‘व्यवस्था’ या शब्दाकडे येतो, कारण बहुतेक काउंट्या तिथेच घसरतात. सुटी सुटी उद्याने कितीही झाली तरी त्यांची आपोआप व्यवस्था होत नाही. अमेरिकेतील पहिली काउंटी उद्यानव्यवस्था आपल्याच राज्यात, एसेक्स काउंटीत, १८९५ साली सुरू झाली. नेवार्कमधील ब्रांच ब्रुक पार्क हे तिचे आजही सर्वांत ओळखीचे उद्यान आहे, कारण एप्रिलमध्ये तिथले चेरीचे फुलोरे पाहायला लोक लांबून येतात. पण ती व्यवस्था उभी करणाऱ्या पार्क कमिशनची खरी दूरदृष्टी मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते: शहरात बागा करत असतानाच त्यांनी वॉचंग डोंगररांगेवर साउथ माउंटन आणि ईगल रॉक ही ‘रिझर्व्हेशन’ राखली. बागेत झाडे लावायची आणि रिझर्व्हेशनमध्ये जंगलाला जंगल राहू द्यायचे, हा फरक त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. पुढे एसेक्समध्ये पिवळ्या खुणांच्या लेनापे ट्रेलने ही उद्याने एकमेकांना जोडली, मॉरिस काउंटीत तेच काम पॅट्रियट्स पाथने केले. असा एक धागा ओवला गेला की प्रत्येक लहान तुकड्याचे मोल वाढते.

म्हणून पहिले काम उद्यानाचे चित्र काढण्याचे नाही, जोडण्यांचा नकाशा काढण्याचे आहे. ओढे आणि त्यांची पूररेषा, बंद पडलेले रेल्वेमार्ग, वीज व गॅसच्या वाहिन्यांखालच्या पट्ट्या, गावांच्या मालकीची जमीन आणि शेतजमीन संरक्षणाखालची शेते हे सर्व एका कागदावर आणा. हंटर्डन आणि मॉरिस काउंट्यांमधून जाणारी कोलंबिया ट्रेल ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट आहे आणि तिच्याखालून गॅसवाहिनी जाते. एकाच पट्टीचे असे दोन उपयोग होऊ शकतात हे कमिशनरांना पटवायला ते चांगले उदाहरण आहे. असा नकाशा काढल्यावर आपल्याला बहुधा दिसेल की टेकडी आणि ओढा यांच्यामध्ये खासगी जमिनीची एखादी चिंचोळी पट्टी आडवी आहे. पुढच्या खरेदीत दोनशे एकरांच्या आकर्षक प्रस्तावापेक्षा ती बारा एकरांची पट्टी आधी घ्यावी, असे मी म्हणेन. सभेत हे पटवणे कठीण जाते, कारण फीत कापण्याच्या कार्यक्रमाला बारा एकरांचा आकडा शोभत नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी सर्वांत महागाच्या चुका तिथेच होतात. खुल्या जागा राखण्यासाठीची राज्याची ग्रीन एकर्स योजना १९६१ पासून चालू आहे, आणि स्वतःचा खुल्या जागांचा कर व मान्य झालेला आराखडा असलेल्या काउंटीला तिच्यातून जमीनखरेदीसाठी निम्म्यापर्यंत अनुदान मिळू शकते. मात्र हे पैसे घेताना काउंटीला आपल्या सर्व उद्यानजमिनींची यादी जोडावी लागते, आणि बंधन केवळ अनुदानाच्या तुकड्यावर न येता त्या यादीतील प्रत्येक जमिनीवर येते. पुढे एखाद्या जमिनीचा कोपरा रस्त्यासाठी किंवा पोलीस ठाण्यासाठी द्यायचा झाल्यास राज्याच्या पर्यावरण खात्याची आणि सार्वजनिक जमिनींचे व्यवहार तपासणाऱ्या स्टेट हाउस कमिशन या राज्यमंडळाची मंजुरी लागते, शिवाय बदली जमीन किंवा भरपाई द्यावी लागते. मला हे बंधन हवेहवेसे वाटते. मोकळी जमीन दिसली की रस्तेवाल्यांना ती फुकटची वाटते. युनियन काउंटीच्या वॉचंग रिझर्व्हेशनमधून अखेर इंटरस्टेट ७८ हा महामार्ग गेलाच. १९८६ मध्ये तो भाग खुला झाला तेव्हा प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून महामार्गावर माती-झाडांचे पूल बांधावे लागले. तरीही सही करण्यापूर्वी ती यादी समितीने स्वतः वाचावी, कारण ज्या जागेवर उद्या देखभालीचे गोदाम बांधायचे आहे ती अनवधानाने यादीत गेली तर काउंटी स्वतःच्याच दारात अडकते.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे जमीन ताब्यात आली असे होत नाही, तसेच इथेही आहे. जमीन घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यात, पाने झडलेली असताना, सर्व्हेअरला घेऊन संपूर्ण हद्द पायी फिरा. शेजाऱ्यांचे कंपोस्टचे ढीग, मुलांची झोपाळ्याची चौकट, कधी लाकडी शेड, तर कधी चाळीस फूट आत सरकलेली हिरवळ दिसेल. भांडण न काढता त्याच वर्षी नम्र पत्र पाठवावे आणि हद्दीवर खांब रोवावेत. दहा वर्षे गप्प राहून मग पत्र पाठवणारी काउंटी शेजाऱ्यांना दादागिरी करणारी वाटते, आणि त्यांचे तसे वाटणे अगदी चुकीचेही नसते. जुन्या शेतात कधी फळबाग असेल तर मातीची तपासणी अवश्य करून घ्या. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सफरचंदांवर लेड आर्सेनेट फवारत असत, आणि ते शिसे व आर्सेनिक मातीच्या वरच्या थरात अजून सापडते. उघड्या विहिरी आणि पडके गोठे हीसुद्धा त्याच फेरीत नोंदवण्याची कामे आहेत.

पायवाटांविषयी मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण पॅसिव्ह उद्यानात बांधकाम म्हणून जे काही असते ते मुख्यतः पायवाटच असते, आणि पायवाटेचा शत्रू माणूस नसून पाणी आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही एका टेकडीवर लाकूडतोड्यांचा जुना रस्ता तसाच वापरून वाट काढली. रस्ता तयार होता, खर्च शून्य, सगळे खूश. तो सरळ उताराच्या दिशेने खाली येत होता, याकडे आम्ही लक्ष दिले नाही. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका मुसळधार पावसात मी छत्री घेऊन तिथे गेलो तेव्हा वाटेचा ओहोळ झाला होता. गढूळ पाणी मधोमध धावत होते, अंगठ्याएवढे खडे घरंगळत होते, बीचच्या झाडाची मुळे बरगड्यांसारखी उघडी पडली होती आणि मधली घळ बुटाच्या घोट्याइतकी खोल झाली होती. लोक साहजिकच चिखल टाळून कडेने चालले होते, त्यामुळे चार फुटांची वाट बारा फूट रुंद झाली होती. खडी टाकून ती भरण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा खडी पायथ्याशी जाऊन बसली. शेवटी ती वाट बंद केली, तिच्यावर फांद्या आडव्या टाकल्या आणि नवी वाट डोंगराच्या अंगाला आडवी, वळणे घेत नेली.

त्या धड्यातून जे नियम मी पाळत आलो ते या क्षेत्रात सर्वमान्य आहेत. वाटेचा चढ हा ती ज्या उतारावर आहे त्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, आणि एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आत असावी. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला अगदी किंचित, पाच टक्क्यांच्या आसपास, कललेला असावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी ती ओलांडून निघून जाते. दर काही अंतरावर वाटेला हलकीशी बुडी देऊन परत वर न्यावे, म्हणजे साचू पाहणारे पाणी तिथेच बाहेर पडते. काम झाले की आराखडा गुंडाळून ठेवू नका. पावसात जाऊन वाट पाहा. कोरड्या दिवशी कुठलीही पायवाट चांगलीच दिसते.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी निदान एक वाट पहिल्याच टप्प्यात हवी. युनायटेड स्टेट्स अॅक्सेस बोर्डाचे २०१३ चे नियम संघराज्याच्या जमिनींपुरते बंधनकारक आहेत, पण काउंट्याही आखणीसाठी तेच प्रमाण मानतात: किमान ३६ इंच रुंदी, घट्ट व स्थिर पृष्ठभाग, पाच टक्क्यांपर्यंतचा चढ कितीही लांब चालतो, आणि त्याहून तीव्र चढाच्या लांबीला मर्यादा व मध्ये विसाव्याच्या जागा. खालच्या प्रवेशद्वारावर वाटेची लांबी, सर्वांत तीव्र चढ आणि पृष्ठभागाचा प्रकार फलकावर लिहावा. ‘सोपी’ किंवा ‘अवघड’ असे विशेषण वाचून गुडघे दुखणाऱ्या आजींना काहीच ठरवता येत नाही.

पाणथळ पट्टीत वाट नेण्यासाठी लाकडी फळ्यांची उंचावलेली वाट लागते, आणि तिच्यासाठी १९८७ च्या गोड्या पाण्याच्या पाणथळ जागांच्या कायद्याखाली राज्याची परवानगी लागते. ग्रेट स्वॉम्प या मोठ्या दलदलीच्या कडेला समरसेट काउंटीच्या लॉर्ड स्टर्लिंग पार्कमध्ये अशा फळ्यांवरून फिरता येते. समितीने एकदा तिथे जाऊन यावे. ते दलदलीचे क्षेत्रही थोडक्यात बचावले आहे. १९५९ मध्ये या भागातील बंदरे आणि विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने तिथे मोठा विमानतळ आणायचे घाटले होते, आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून सुमारे तीन हजार एकर जमीन विकत घेऊन संघराज्य सरकारला दिली म्हणून तिथे आज वन्यजीव अभयारण्य आहे. फळ्यांच्या वाटेविषयी एक सावधगिरी मात्र सांगतो. न सुधारलेल्या, नैसर्गिक अवस्थेतील सार्वजनिक जमिनीवर कोणी पडले तर राज्याचा कायदा काउंटीला बरेच संरक्षण देतो, पण जी वस्तू आपण बांधली तिची पाहणी आणि दुरुस्ती आपल्या गळ्यात येते. काउंटीच्या वकिलांशी बोलून मगच फूटभर फळी टाकावी, आणि वर्षातून दोनदा तिची तपासणी कोण करणार त्याचे नाव आराखड्यातच लिहावे.

लोकांची गर्दी आपण आखू शकतो, आणि ती आखण्याचे हत्यार म्हणजे वाहनतळ, हे पुष्कळांना उशिरा कळते. साधा हिशोब करू. वीस गाड्यांची जागा, गाडीमागे दोन माणसे, प्रत्येकी दीड तासाचा मुक्काम. म्हणजे सहा तासांत चार फेऱ्या आणि साधारण एकशेसाठ माणसे. साठ गाड्यांची जागा केली की तीच टेकडी दिवसाला पाचशे माणसे पाहील, आणि मग शौचालय, कचरा, गस्त, रुंद वाट हे सर्व ओघाने येते. म्हणून टेकडीला किती माणसे सोसवतील ते आधी ठरवावे आणि गाड्यांची संख्या त्यावरून काढावी. शेजाऱ्यांचा विरोधही बहुतेक वेळा उद्यानाला नसतो, तो त्यांच्या दारासमोर रविवारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना असतो. प्रवेश एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन लहान ठिकाणी ठेवले तर ताण वाटला जातो. शौचालयासाठी सुरुवातीला भाड्याचे फिरते खोके पुरते. ते नकोच असे म्हणणाऱ्यांना झाडीची अवस्था दाखवावी.

जंगलाची देखभाल हा वेगळा विषय आहे, तरी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली हरणांची. आपल्या टेकडीवर गुडघ्याच्या उंचीखाली हिरवे काहीच नसेल आणि असेल ते जपानी बार्बेरी किंवा स्टिल्टग्रास यांसारखे हरणे न खाणारे परदेशी तण असेल, तर समजावे की हरणांनी ओकची रोपे खाऊन टाकली आहेत आणि उद्याचे जंगल उगवणे थांबले आहे. वॉचंग रिझर्व्हेशनमध्ये १९९४ पासून आणि साउथ माउंटनमध्ये २००८ पासून काउंट्यांनी हरणांची संख्या नियंत्रित करण्याचे कार्यक्रम राबवले, आणि दोन्ही ठिकाणी जाहीर सुनावण्या तापल्या. आपल्या सभेलाही तो दिवस येईल, तेव्हा आतापासूनच जंगलात दहा बाय दहा फुटांचे एक-दोन कुंपणबंद चौकोन करून ठेवा. तीन वर्षांनी कुंपणाच्या आत आणि बाहेर काय उगवले ते लोकांना तिथे नेऊन दाखवले की वादाची पातळी बदलते. दुसरी गोष्ट अॅशच्या झाडांची. एमराल्ड अॅश बोरर हा किडा न्यू जर्सीत २०१४ मध्ये प्रथम आढळला, आणि त्याने मारलेली झाडे लवकर ठिसूळ होऊन अचानक मोडतात. वाट आखण्यापूर्वी वाटेपासून झाडाच्या उंचीइतक्या अंतरातली वाळलेली अॅशची झाडे मोजा, कारण ती पाडण्याचा खर्च कित्येकदा वाट बांधण्यापेक्षा जास्त येतो.

पैशाविषयी एकच सांगतो. खुल्या जागांच्या कराचा निधी कायद्याने जमीनखरेदीबरोबरच विकास आणि देखभालीलाही वापरता येतो, पण मतदारांनी मंजूर केलेल्या आपल्या काउंटीच्या मतपत्रिकेवरील प्रश्नात नेमके कोणते उपयोग लिहिले आहेत ते पाहा. बहुतेक काउंट्या सगळा पैसा खरेदीत घालतात आणि पाचशे एकरांमागे एक रेंजरही नेमत नाहीत. स्वयंसेवकांचा मोठा आधार मिळू शकतो. १९२० पासून काम करणारी न्यूयॉर्क–न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था वाटा आखण्याचे, खुणा रंगवण्याचे आणि स्वयंसेवकांना शिकवण्याचे काम करते. पण स्वयंसेवक कचरा उचलतील, कुऱ्हाड-फावडे चालवतील. पूल तपासणे आणि रात्री फाटक बंद करणे हे पगारी माणसाचेच काम आहे.

आता आपल्या तीन तुकड्यांविषयी, जितके आपल्या पत्रावरून कळते तितके. पहिल्यांदा शेत उघडा. तिथे आत जाणारा जुना रस्ता असणार, जमीन बऱ्यापैकी सपाट असणार आणि शेताच्या कडेने एक-दीड मैलाची गोल वाट गवत कापूनच करता येईल. चाकाच्या खुर्चीची वाटही इथेच बसेल. पंधरा-वीस गाड्यांचा खडीचा तळ पुरे. मधले गवत राखायचे असेल तर वर्षातून एकदाच कापा, तेही जुलैच्या उत्तरार्धानंतर, कारण बोबोलिंकसारखे पक्षी त्या गवतात जमिनीवर घरटी करतात. अजिबातच कापले नाही तर दहा-पंधरा वर्षांत तिथे झुडपांचे रान होईल. टेकडी दुसऱ्या टप्प्यात घ्या. एका हिवाळ्यात हद्द आणि एका पावसाळी हंगामात पाण्याच्या वाटा पाहून झाल्यावर डोंगराच्या अंगाला एकच लांब गोल वाट काढा, आणि निम्मी टेकडी वाटेविना राहू द्या.

ओढ्याची पट्टी दोन वर्षे बंद ठेवा. मार्चमध्ये थंडी ओसरल्यावर पहिल्या उबदार पावसाच्या रात्री टॉर्च घेऊन तिथे जा आणि सॅलमँडर व बेडूक कुठून कुठे जातात ते नकाशावर टिपा. ईस्ट ब्रन्सविकमध्ये याच रात्रींना बीकमन रोडवरची वाहतूक बंद ठेवतात, त्यामुळे असे बंद ठेवणे कसे जमवायचे ते तिथल्या मंडळींना विचारता येईल. दोन वसंतांच्या नोंदी हाती आल्या की फळ्यांची वाट कुठे न्यायची आणि कुठे अजिबात न्यायची नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.